भारतवारीचं तिकीट काढलंत? मग कुत्र्याची फ्लूची लस आत्ताच

बर्फीची_आई (नेपरव्हिल, इलिनॉय)

दिवाळीच्या तिकिटांची शोधाशोध सगळ्यांकडे सुरू झाली असेल, म्हणून धागा आत्ताच काढतेय. ऑक्टोबरात काढून काही उपयोग नाही. का, ते खाली येईलच.

गेल्या डिसेंबरात मावसबहिणीच्या लग्नाला आम्ही साडेतीन आठवडे पुण्याला गेलो. बर्फीला (लॅब्राडोर, वय सहा, वजन विचारू नका) नेहमीच्या बोर्डिंगमध्ये ठेवलं. नेहमीचं म्हणजे ही चौथी खेप. जागा स्वच्छ, माणसं प्रेमळ, रोज संध्याकाळी फोटो यायचा. रेबीज, डिस्टेंपर-पार्व्हो आणि बोर्डेटेला (केनेल कफ, म्हणजे कुत्र्यांच्या साथीच्या खोकल्याची) एवढ्या लशींचे कागद त्यांना लागतात, ते आमच्याकडे होते. उन्हाळ्यातल्या तपासणीत व्हेटने विचारलं होतं, "बोर्डिंगला ठेवता ना? मग फ्लूची देऊन टाकूया का?" मी फॉर्मवर 'नको'पुढे खूण केली. दोन डोस, प्रत्येकी पन्नासेक डॉलर, वर दोन फेऱ्या. बोर्डेटेला दिलीय म्हणजे खोकल्याचा बंदोबस्त झाला, असा माझा समज.

परत आलो ते विमानतळावरून सरळ तिला आणायला. दुसऱ्या दिवशी पहाटे चारला, जेटलॅगमुळे झोप नाही म्हणून चहा टाकला होता, तर मागून घशात हाड अडकल्यासारखा आवाज. बर्फी मान लांब करून खोकत होती. दुपारपर्यंत नाक वाहायला लागलं. रात्री तिने जेवणाकडे बघून तोंड फिरवलं. लॅब्राडोर जेवायला नको म्हणते, तिथेच माझ्या पोटात गोळा आला.

ताप १०४.६. (कुत्र्यांचा नॉर्मल पारा १०१ ते १०२.५ फॅरनहाइट.) एक्स-रेत न्यूमोनिया, नाकातून घेतलेल्या स्वॅबची पीसीआर पॉझिटिव्ह: एच३एन२, म्हणजे कुत्र्यांचा फ्लू. दोन रात्री ऑक्सिजनच्या पिंजऱ्यात काढल्या तिने. बिल ३८०० डॉलर. लग्नातला आहेर परवडला.

बर्फी वाचली, बरी झाली. पण मला हे लिहावंसं वाटलं ते वेगळ्याच कारणाने. आलो त्या संध्याकाळी शेजारच्या आजोबांचा बीगल कुंपणापाशी आला होता. तेरा वर्षांचा, जवळजवळ आंधळा, बर्फीच्या वासावर शेपटी हलवणारा. दोघांनी नाकाला नाक लावलं. तेव्हा बर्फी ठणठणीत दिसत होती. चार दिवसांनी तो खोकायला लागला तो महिनाभर खोकत होता. आजोबा मला एका शब्दाने बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

आता हिशेब. पहिल्यांदा देताना दोन डोस लागतात, मध्ये दोन ते चार आठवडे. दुसऱ्यानंतर पूर्ण संरक्षण यायला साधारण दोन आठवडे. म्हणजे बोर्डिंगच्या दारात सोडायच्या आधी चार ते सहा आठवडे हातात हवेत. आपण तिकीट काढतो जुलैत आणि कुत्रं आठवतं बॅगा भरताना. ओसीआय, पासपोर्ट, लोणच्याच्या बरण्या यांच्या यादीत हे एक घाला: तिकीट काढलं त्याच आठवड्यात पहिला डोस.

---

शिकागोकर

ताई, वाचून २०१५ चा मार्च-एप्रिल आठवला. तेव्हा आम्ही शहरात राहायचो. शिकागोत हजारावर कुत्री आजारी पडली होती. डॉग पार्क ओस, डे-केअर बंद, आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये पाटी: 'एका वेळी एकच कुत्रा'. करोनाच्या पाच वर्षं आधी सोशल डिस्टन्सिंग आम्ही कुत्र्यांबरोबर करून बसलोय.

गंमत म्हणजे आधी सगळ्यांना वाटलं, हा कुत्र्यांच्या फ्लूचा जुनाच प्रकार, एच३एन८. त्याची लस बाजारात होती, लोकांनी रांगा लावून टोचूनही घेतली. मग कॉर्नेल आणि विस्कॉन्सिन विद्यापीठांच्या प्रयोगशाळांनी तपासलं तर निघाला एच३एन२. कोरिया-चीनकडचा, अमेरिकेत तोवर न दिसलेला. त्याच्यासाठीची लस यायला नोव्हेंबर उजाडला. आमचा जर्मन शेफर्ड तोवर आजारी पडून बराही झाला होता.

---

तर्कटपंडित

धागा भावनिक आहे, बर्फीबद्दल वाईट वाटलं. पण थोडं थंड डोक्याने.

१) ही लस इथल्या पशुवैद्यकांच्या मार्गदर्शक यादीत 'कोअर' नाही, 'नॉन-कोअर' आहे. सगळ्यांना हवीच असती तर कोअर नसती का?
२) लस घेऊनही संसर्ग होतो, हे लस बनवणारेच सांगतात.
३) मृत्यूचं प्रमाण कमी. बहुतेक कुत्री दोन-तीन आठवडे खोकून बरी होतात.
४) दरवर्षी बूस्टर. म्हणजे दरवर्षी बिल.

माझा कुत्रा घर ते कोपऱ्यावरचं झाड आणि परत, एवढाच फिरतो. सुया टोचून घेण्याचा धंदा वाढवायची हौस मला नाही.

---

चहाबाज

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. कुत्र्याला देत नाहीये, खारट आहेत.

---

सुई_टोचणारी (डॅलस, व्हेट टेक्निशियन)

तर्कटपंडित, तुमचे चारही मुद्दे खरे आहेत. निष्कर्ष तेवढा अर्धा.

नॉन-कोअर म्हणजे 'बिनकामाची' नव्हे. कोअर म्हणजे कुठल्याही कुत्र्याला, कसाही राहत असला तरी द्यायची. नॉन-कोअर म्हणजे कुत्रा कसा राहतो ते बघून द्यायची. बोर्डिंग, डे-केअर, ग्रूमिंग, डॉग पार्क, शो यातलं काही असेल तर द्या. तुमचा कुत्रा खरंच झाडापर्यंतच जात असेल तर मीही तुम्हाला आग्रह करणार नाही. आणि याद्या बदलतात. लेप्टोची (उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची) लस इथे बरीच वर्षं नॉन-कोअर होती, अलीकडे ती सरसकट द्या म्हणतात. मुंबईकरांना लेप्टोचं महत्त्व मी काय सांगणार.

दुसरा मुद्दा. हो, लस संसर्ग शंभर टक्के अडवत नाही. माणसांची फ्लूची लस तरी कुठे अडवते? आजार सौम्य होतो, कमी दिवस टिकतो, फुफ्फुसं कमी खराब होतात आणि कुत्रा विषाणू कमी बाहेर टाकतो. हे शेवटचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण बीगलची गोष्ट तिथे आहे. संसर्गानंतर दोन ते चार दिवसांत लक्षणं दिसतात आणि विषाणू सर्वांत जास्त बाहेर पडतो तो नेमका त्याच्या आधी, कुत्रा उड्या मारत असताना. शिवाय पाचातल्या एकाला लक्षणं दिसतच नाहीत, तरी तो पसरवतो. त्यामुळे बोर्डिंगवाल्याने दारात 'कुत्रा आजारी दिसतोय का' बघून काही साधत नाही. एच३एन२ झालेल्याला तीन आठवडे वेगळं ठेवायला सांगतो आम्ही, खोकला थांबला तरी.

मृत्यू दहा टक्क्यांच्या खाली, बरोबर. पण ते दहा टक्क्यांच्या खालचे कोण, ते मी बघते: म्हातारी, पिल्लं, आणि पग-बुलडॉगसारखी चपट्या नाकाची. ज्यांना एरवीच श्वास घेताना घुरघुर होते, त्यांना न्यूमोनिया झाला की रात्र काढणं कठीण.

थोडा इतिहास, कारण मला तो आवडतो. एच३एन८ हा मुळात घोड्यांचा फ्लू. १९६३ पासून घोड्यांत माहीत होता. जानेवारी २००४ मध्ये फ्लोरिडात एका ग्रेहाउंड शर्यतींच्या ट्रॅकवर बावीस कुत्री आजारी पडली, आठ मेली. फ्लोरिडा आणि कॉर्नेल विद्यापीठांनी छडा लावला तेव्हा कळलं की विषाणूने घोड्यावरून कुत्र्यात उडी मारलीय आणि आता त्याला घोड्याची गरज नाही, कुत्र्याकडून कुत्र्याकडे जातोय. एच३एन२ ची कुळकथा वेगळी, तो पक्ष्यांकडून आला. २००७ च्या सुमारास दक्षिण कोरियात कुत्र्यांत सापडला आणि २०१५ मध्ये शिकागोत उतरला. पुढे दोन्हींवर एकत्र अशा लशीही निघाल्या.

---

कोथरूडकर

पुण्यातून विचारतोय, मूर्खासारखा प्रश्न असेल तर माफ करा. आमच्या चिंटूच्या (इंडी, रस्त्यावरून आणलेला) कार्डावर डीएचपीपीआय असं लिहिलंय आणि डॉक्टर म्हणाले होते त्यात 'इन्फ्लुएन्झा' आहे. म्हणजे आमचा फ्लू झालाच की आधी?

दुसरं, २०२३ च्या मार्चमध्ये इथे सगळे पेपर एच३एन२ ने भरले होते. आमच्या घरी तिघांना ताप. तो हाच का? चिंटूकडून आम्हाला, की आमच्याकडून त्याला?

---

सुई_टोचणारी

मूर्ख प्रश्न अजिबात नाही, माझ्याकडे आठवड्यातून एकदा तरी येतो. त्या 'पीआय'मध्ये लपलंय सगळं. ते पॅराइन्फ्लुएन्झा. नावात इन्फ्लुएन्झा आहे, पण विषाणूंचं घराणंच वेगळं. डी म्हणजे डिस्टेंपर, एच म्हणजे हिपॅटायटिस, पहिला पी पार्व्हो, शेवटचा पीआय पॅराइन्फ्लुएन्झा. नाकात थेंब टाकून देतात ती केनेल कफची लस, तीही बोर्डेटेला आणि पॅराइन्फ्लुएन्झावरची. म्हणजे ही दोन्ही कार्डं भरली तरी फ्लूची जागा रिकामीच. बर्फीच्या आईंचा घोटाळा इथेच झाला, आणि त्यात त्यांची चूक नाही. खोकला सगळ्यांचा सारखाच ऐकू येतो. टेस्ट केल्याशिवाय आम्हालाही सांगता येत नाही.

तुमच्या घरचा एच३एन२ वेगळा. एच आणि एन ही विषाणूच्या अंगावरच्या दोन प्रथिनांची नावं. दोघांचं आडनाव जोशी असलं म्हणून ते भाऊ होत नाहीत. तुमचा माणसांतला, कुत्र्यांचा पक्ष्यांकडून आलेला. कुत्र्यांच्या फ्लूने माणूस आजारी पडल्याची एकही नोंद आजवर नाही.

---

कोथरूडकर

जोशी आडनाव असल्याने लगेच समजलं.

आमच्या डॉक्टरांना आत्ताच फोन केला. म्हणाले, कुत्र्यांच्या फ्लूची लस माझ्याकडे नसते, इथे कोणी मागतही नाही. तुम्ही आधी चिंटूचा रेबीजचा बूस्टर दोन महिने चुकवलाय तो घ्या. फोन करून पस्तावलो. शनिवारी नेतोय.

---

बर्फीची_आई

कोथरूडकर, शंभर टक्के. भारतात असाल तर रेबीज, पार्व्हो, डिस्टेंपर, लेप्टो याच्यापुढे फ्लूचा विचारही करू नका. हा धागा मुख्यतः इकडच्या, बोर्डिंगवाल्या लोकांसाठी.

---

खाडीवाला (सॅन होजे)

२०१८ च्या जानेवारीत आमच्याकडे, बे एरियात, हेच झालं. शिकागोकर म्हणतात तसं डॉग पार्क ओस वगैरे. मी तेव्हा आमच्या टोबीला टोचून घेतलं ते घाबरून, विचार करून नव्हे. दुसऱ्या डोसच्या दुसऱ्या दिवशी सुस्त होता, उजव्या खांद्याला हात लावू देईना. तिसऱ्या दिवशी सोफ्याचा एक कोपरा खाल्ला, म्हणजे बरा झाला.

२०१७ मध्ये जॉर्जिया आणि फ्लोरिडातल्या दोन डॉग शोंमधून पसरला होता, २०२१ मध्ये लॉस एंजलिसकडे. मध्ये बरेच दिवस काही नसतं, मग एकदम एका शहरात आग लागते. त्यामुळे 'आमच्याकडे नाहीये सध्या' हे ऐकून थांबायचं का, हा माझा खरा प्रश्न. आणि हिवाळ्याचीही वाट बघू नका. आपल्या फ्लूसारखा याला मोसम नाही, वर्षभर कधीही.

---

आलं_गवतीचहा

लशी बिशी ठीक, पण आधी घरातले उपाय करावेत. आमच्या ब्रूनोला खोकला झाला की मी आलं, तुळस, मध, चिमूटभर हळद असा काढा देते. ताप वाटला तर अर्धी क्रोसिन. लहान मुलांना देतो तशीच. कधी काही झालं नाही.

---

सुई_टोचणारी

ताई, कृपया अर्धी क्रोसिन आजपासून बंद. ओरडतेय असं वाटलं तर माफ करा, पण ओरडतेयच.

क्रोसिनमधल्या पॅरासिटामॉलने कुत्र्याच्या यकृताला इजा होऊ शकते. मांजराला तर थोडीशीही जिवावर बेतते. आयब्युप्रोफेनने पोटात अल्सर, पुढे मूत्रपिंडं. आपल्या खोकल्याच्या काही सिरपांत झायलिटॉल नावाचं गोडवा देणारं द्रव्य असतं, त्याने कुत्र्याची साखर धाडकन उतरते. काही होत नाही तोवर होत नाही.

काढ्यातल्या हळदीने तो मरणार नाही. पण चार वर्षांपूर्वी एका घरात असाच काढा पाच दिवस चालू होता, आणि पाचव्या दिवशी कुत्रा आमच्याकडे आला तेव्हा हिरड्या निळसर होत्या. तेव्हा खोकला चोवीस तास टिकला, जेवण बंद झालं किंवा श्वास भराभर चालतोय असं वाटलं तर फोन करा. आणि सरळ आत घेऊन येऊ नका, गाडीतून फोन करा. वेटिंग रूममध्ये आणखी आठ कुत्री बसलेली असतात. स्वॅबही पहिल्या तीन-चार दिवसांत घेतलेला बरा, नंतर सापडेलच असं नाही. फ्लूवर कुत्र्यांसाठी खास असं औषध नाही. सलाईन, ऑक्सिजन, वरून जिवाणूंचा संसर्ग झाला तर अँटिबायोटिक, आणि वाट बघणं.

---

आलं_गवतीचहा

बापरे. हे कोणीच सांगितलं नव्हतं. क्रोसिन बंद. तुळस चालू ठेवते.

---

मांजरमावशी

मांजरांचं काय? आमच्याकडे एक कुत्रा, दोन बोके.

---

सुई_टोचणारी

एच३एन२ मांजरांना होतो. २०१६ मध्ये इंडियानातल्या एका शेल्टरमध्ये मांजरं आजारी पडली होती. मांजरांसाठी वेगळी लस नाही, म्हणून कुत्र्याला द्या. तो आजारी पडला तर वेगळी खोली, वेगळी भांडी. विषाणू फरशी-भांड्यांवर ४८ तास, कपड्यांवर २४ तास, हातावर १२ तास तग धरू शकतो. पण नाजूक आहे, साध्या जंतुनाशकाने आणि साबणाने मरतो. फडकं फिरवा, झालं.

---

शिकागोकर

एक मुद्दा कोणी काढला नाही. आपल्यातले बरेच जण बोर्डिंगला ठेवतच नाहीत, मित्रांकडे ठेवतात. आमच्या ढोल-ताशा पथकातल्या एका जोडप्याकडे गेल्या दिवाळीत सहा घरांची सहा कुत्री होती. सगळे म्हणाले, 'घरचंच आहे'. ते घरचं कसलं, ते बिनकागदांचं बोर्डिंग झालं. बोर्डिंगवाला निदान बोर्डेटेलाचा कागद मागतो. मित्राकडे मागायला आपल्याला लाज वाटते.

---

बर्फीची_आई

हे अगदी खरं, आणि मी ते लिहायचं विसरले. बर्फीनंतर मी आमच्या ग्रुपवर विचारलं, "कोणाकोणाच्या कुत्र्यांना फ्लूची लस आहे?" दोन मिनिटं शांतता. मग एकीने कुत्र्याचा वाढदिवसाचा फोटो टाकला, विषय बदलला. मग मीच नियम केला: माझ्याकडे ठेवणार असाल तर दोन्ही डोसांची तारीख मला पाठवायची. एक मैत्रीण रुसली. रुसू दे. तिच्या कुत्र्यावर माझं प्रेम आहे म्हणून विचारलं.

---

तर्कटपंडित

ठीक आहे. बीगलचा मुद्दा मला पटतो, तो माझ्या यादीत नव्हता. माझी एक अडचण राहते. आमचा शिट्झू साडेपाच किलोचा. वार्षिक तपासणीला एकदम चार सुया. गेल्या वर्षी तोंड सुजलं, रात्री इमर्जन्सीला पळालो. त्यात आणखी एक?

---

सुई_टोचणारी

हे आधीच सांगायचं होतं ना! छोट्या चणीच्या कुत्र्यांना एकाच दिवशी अनेक लशी दिल्या की प्रतिक्रियेची शक्यता वाढते. तोंड सुजलं होतं हे व्हेटला मुद्दाम सांगा, फाइलमध्ये लिहायला लावा. लशी वेगवेगळ्या दिवशी वाटून घ्या, टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसा, सकाळची वेळ घ्या म्हणजे काही झालं तर दवाखाना उघडा असेल. त्याला फ्लूची द्यायची की नाही ते तुमच्या व्हेटने त्याची फाइल बघून ठरवावं, मी इथून नाही.

---

चहाबाज

दोन आठवड्यांनी धागा वर काढतोय. पंडितांचं काय झालं?

---

तर्कटपंडित

फेब्रुवारीत पुतण्याची मुंज ठरली. बोर्डिंगला फोन केला, तर त्यांना फ्लूचे दोन्ही डोस सक्तीचे. म्हणजे वाद घालायला कोणी उरलंच नाही. व्हेट म्हणाले देऊया, पण एकटीच, त्या दिवशी दुसरी कुठली नाही. पहिला डोस काल सकाळी नऊला. पाऊण तास बसलो तिथे. तोंड सुजलं नाही. मी हरलो असं कोणी लिहू नका, सक्ती आहे ती.

बर्फीच्या आई, एक विचारायचं राहिलं. तुमच्या त्या बोर्डिंगने ३८०० पैकी काही दिलं का?

---

बर्फीची_आई

बिस्किटांचा एक पुडा. चिकन फ्लेवर. बर्फीने दीड मिनिटात संपवला.